सामाजिकीकरणाला पट किती लागतो?

‘सामाजिकीकरण’ हा शब्द नोकरीच्या एकतीस वर्षांत मी एकाही पालकाच्या तोंडून ऐकला नाही. ऐकला तो प्रशिक्षणांत, आणि आता निवृत्तीनंतर ऐकतो तो शाळा बंद करण्याच्या समर्थनात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळेत मुलांचे सामाजिकीकरण होत नाही, त्यांना बरोबरीची मुले मिळत नाहीत, सांघिक खेळ नाहीत, चुरस नाही, स्नेहसंमेलन नाही. सबब अशा चार-पाच शाळांची मिळून एक समूहशाळा करावी आणि मुलांना गाडीने तिथे न्यावे, असे हे म्हणणे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने जिल्ह्याजिल्ह्यांतून असे प्रस्ताव मागवले, तेव्हा तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले होते. अशा शाळांचा त्या वेळचा आकडा होता १४,७८३. त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९,७०७. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांवर अशीच पाळी आली होती. नाव दर खेपेला नवे असते: समायोजन, एकत्रीकरण, समूहशाळा. पूर्वी कारण खर्चाचे सांगत, त्यात निदान उघडेपणा होता. आता कारण मुलांच्या भल्याचे सांगतात, म्हणून गप्प बसवत नाही.

खर्चाचे आधी उरकून टाकतो. ‘सहा मुलांमागे एक शिक्षक, ही चैन कशी परवडणार?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी विचारतोच. वरच्या आकड्यांचा भागाकार करून पाहा. शाळेमागे शिक्षक येतात दोन. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. पाच इयत्ता चालवायला दोन माणसे ही चैन नसून त्याखाली गेलात तर शाळा म्हणायला काही उरत नाही अशी ती मर्यादा आहे. आमच्या वहाळावर साकव आहे. त्यावरून दिवसाला किती माणसे जातात ते मोजून माणशी खर्च काढायला अजून कोणी आलेले नाही.

आता मूळ मुद्दा. माझी शेवटची नऊ वर्षे कोकणातल्या एका वाडीवरच्या दोनखोली शाळेत गेली. पट एका साली सतरा होता, मी निवृत्त झालो तेव्हा अकरा. मधल्या सुट्टीत ही अकरा मुले लंगडी खेळत. अकरात पहिलीची दोन, दुसरीची तीन, बाकीची तिसरी-चौथीतली. एवढ्या मुलांत खेळ करायचा तर कोणालाही वगळून भागत नाही. मग लहानांना कच्चा लिंबू धरायचे. कच्च्या लिंबाला पळता येते, त्याच्यामागे लंगडी घालत कोणी येतेही, पण त्याला बाद करत नाहीत. हा नियम कोणत्याही क्रीडापुस्तिकेत नाही आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक अंगणात आहे. एकदा दुसरीतला एक पोरगा अडून बसला की मी आजपासून पक्का. त्यावर खेळ थांबवून पायरीवर बैठक झाली. मी खिडकीतून ऐकत होतो. ‘पक्का झालास तर रडायचं नाही’ एवढ्या अटीवर त्याला मान्यता मिळाली. पहिल्याच डावात तो बाद झाला, पंपाकडे तोंड करून रडला, आणि दुसऱ्या डावात पुन्हा पक्का म्हणूनच उतरला. त्याच्या रडण्याची कोणी आठवण काढली नाही. अट मोडली होती, तरी सगळ्यांनी ती मोडली नाही असे धरले. यालाही कच्चा लिंबूच म्हणायचे, फक्त जरा वरच्या इयत्तेतले.

त्याआधी सहा वर्षे मी तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या शाळेत होतो. पट तीनशेच्या घरात. तिथे खेळाचे साहित्य होते, मैदान आखलेले होते, संघही चांगला होता. संघात जे बसत ते खेळत. बाकीची मुले पायऱ्यांवर बसून ओरडत. पहिलीतल्या मुलाला चौथीतला मुलगा माहीत असे तो पाण्याच्या नळावर ढकलणारा म्हणून. यात शिक्षकांचा दोष नव्हता. चाळीस मुले एकाच वयाची असली की एकमेकांची गरज भासत नाही. एकाशी बिनसले तर दुसरा मिळतो. आमच्या वाडीत बिनसले तर संध्याकाळपर्यंत मिटवावेच लागे, कारण उद्याच्या लंगडीला तोच मुलगा लागणार असतो. समाज म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आपण न निवडलेल्या माणसांबरोबर रोज निभावून नेणे, त्यातली काही आपल्याहून लहान, काही आपल्याहून चांगली, आणि एखादा अगदी नकोसा.

परिपाठाच्या खोलीत भिंतीवर मूल्यांचा तक्ता लावलेला असे. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी दहा मूल्ये. सगळ्या शाळांत हा तक्ता असतो, मोठ्या शाळेत फ्लेक्सवर आणि लहान शाळेत कार्डशीटवर, एवढाच फरक. तक्त्याने कोणाचे काही होत नाही, चांगलेही आणि वाईटही. माझ्या शाळेत झाडलोटीच्या पाळ्या होत्या. मी लावलेल्या नव्हत्या, आधीपासून चालत आलेल्या. मुलींनी झाडायचे, मुलग्यांनी पंपावरून पाणी आणायचे. मी दोन वर्षे ते तसेच चालू दिले, वर दर सोमवारी त्या तक्त्यावरून समानतेवर चार वाक्ये बोलत राहिलो. चौथीतल्या एका मुलीने एक दिवस हंडा उचलला आणि केरसुणी मुलग्याच्या हातात दिली. कारण विचारले तर म्हणाली, ‘पाणी आणताना पऱ्याकडे फिरायला मिळतं, यांनाच का?’ पाळ्या त्याच दिवशी बदलल्या. समानतेपोटी नाही, पऱ्यापोटी. पण ती दोन वर्षे माझ्या खात्यावर आहेत, हे मी लहान शाळेची बाजू मांडताना लपवणार नाही. लहान शाळा आपोआप चांगली नसते. तिच्यात चूक लपायला जागा कमी असते, एवढेच मी म्हणेन.

पोषण आहाराची गोष्ट याहून अवघड आहे. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे आमच्या अकरा मुलांचे एक किलो शंभर ग्रॅम. शिजवणाऱ्या ताई बौद्धवाडीतल्या. त्या लागल्या तेव्हा एका घराने मुलाबरोबर डबा पाठवायला सुरुवात केली. भांडण नाही, तक्रार नाही, नुसता डबा. काय करायचे? केंद्रप्रमुखांना कळवले असते तर कागद झाला असता आणि कदाचित मूलही शाळेतून गेले असते. मी एवढेच ठरवले की पंगत एकच राहील. डबा आणा, पण सगळ्यांच्या ओळीत बसून खा. मी चव नोंदवहीत सही करण्यापूर्वी सगळ्यांदेखत पहिला घास घ्यायचा, तो रोज घेतला. तीन-एक महिने तो मुलगा डब्यातली चपाती खात, शेजारच्याच्या ताटातल्या वाटाण्याच्या उसळीकडे बघत राहिला. श्रावणातल्या एका पावसाच्या दिवशी त्याने ताट पुढे केले. ताईंनी काही न बोलता वाढले. दुसऱ्या दिवशीही डबा आला, वर्षअखेरपर्यंत येतच राहिला, आणि बहुतेक तसाच परत जात असे. घरी आईला तो रिकामा झालेला दिसत नव्हता, हे उघड आहे. तिने विचारले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्या घराने जेवढे बदलायचे तेवढे त्या न विचारण्यात बदलून घेतले.

हा विजय म्हणून सांगत नाही. ते घर आजही ताईंच्या हातचे पाणी पीत असेल असे मला वाटत नाही. सांगतो ते यासाठी की अकरा जणांच्या पंगतीत हा प्रश्न टाळता आला नाही. समूहशाळेत सगळ्या मुलांचे जेवण बाहेरच्या स्वयंपाकघरातून टेम्पोने येईल. ते कोणी शिजवले हे कोणालाच माहीत नसेल आणि म्हणून सगळे खातील. त्याला कोणी समरसता म्हणू नये, तो फक्त टेम्पो आहे. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्या मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते एकमेकांची ओळख असतानाचे एकत्र बसणे. गावात ज्याच्या घरावरून आपण वळसा घालून जातो, त्याच्या मुलाशेजारचे बसणे. अनोळखी गर्दीत शेजारी बसायला तर आपण एसटीतही बसतो.

समोरच्यांचे जे खरे आहे तेही मांडले पाहिजे. खो-खोला एका बाजूला नऊ गडी लागतात, कबड्डीला सात. केंद्रस्तरीय स्पर्धांना आमची शाळा कधी संघ म्हणून गेली नाही; धावण्याच्या शर्यतीला दोन मुले न्यायची आणि परत आणायची. माझ्याकडे एक मुलगी होती, चारही वर्षे तिच्या इयत्तेत ती एकटी. पहिला नंबर तिचा आणि शेवटचाही तिचा, हा विनोद मीच करीत असे आणि तो तिला आवडत नसे. पाचवीला ती मोठ्या शाळेत गेली, तर पहिला दीड महिना वर्गात बोललीच नाही, असे तिथल्या बाईंनी सांगितले. तोंडपाठ पाढे येणारी पोर, पण चाळीस जणांत हात वर करायचा असतो हे तिला ठाऊक नव्हते. हे उणे आहेच. आणि त्याहून मोठे उणे शिक्षकाचे. दोनातला एक शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला, मतदारयादीच्या कामाला. दुसऱ्याची बदली झालेली, जागा रिकामी. असे मी एकट्याने सलग चौदा महिने काढले. तालुक्याला माहिती भरायला गेलो की शाळा चौथीतल्या मुलींच्या हवाली. परत येईतो त्यांनी पाढे घेतलेले असत, भांडणे सोडवलेली असत, एकदा एकाचा फुटलेला गुडघा हळद लावून बांधलाही होता. पाहुणे याला स्वावलंबन म्हणून टाळ्या वाजवतात. मी म्हणतो, ती माझी गैरहजेरी होती, आणि ती मुलींनी भरून काढली.

पण या उण्यांवर उपाय म्हणून शाळाच उचलून नेणे म्हणजे विहिरीला पाणी कमी म्हणून विहीर बुजवणे. शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असे शिक्षण हक्क कायद्याच्याच २७ व्या कलमात आहे. ते आधी पाळून दाखवा. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. महिन्यातून दोन शनिवार त्या सगळ्यांची मुले एका ठिकाणी आणा, संघ करा, नाटक बसवा, हात वर करायला शिकवा. गाडी त्यासाठी द्या. चित्रकलेचा किंवा संगीताचा एक शिक्षक केंद्रासाठी नेमा आणि त्याला शाळाशाळांतून फिरवा. चाळिशीतल्या माणसाने रोज वेगळी शाळा गाठायची की सहा वर्षांच्या मुलाने रोज तीच लांबची शाळा गाठायची, एवढाच हा प्रश्न आहे आणि मला तो अवघड वाटत नाही. राहिले बहुवर्ग अध्यापन. एका खोलीत तीन इयत्ता ही गरिबाची तडजोड आहे असे आपण धरून चालतो. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची आणि शिडीची पद्धत बसवली, त्यातून कर्नाटकातल्या सरकारी शाळांत ‘नलीकली’ आली. मुले इयत्तेनुसार नाही तर कोण कुठवर पोचले त्यानुसार बसतात, मोठी धाकट्यांना शिकवतात. म्हणजे जे आम्ही नाइलाजाने करत होतो, ते इतरांनी नीट विचार करून बसवले. आमच्या डी.एड.ला त्यावर एक तासही झाला नव्हता.

आता अंतर. राज्याच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. आमची वाडी आणि प्रस्तावातली मोठी शाळा यांत नकाशावर दीड किलोमीटर दिसते. मध्ये वहाळ आहे. जुलैत साकवावरून पाणी जाते तेव्हा डांबरी रस्त्याने वळसा साडेसहा किलोमीटरचा. गाडी देऊ म्हणतात, पण गाडी वाडीत उतरत नाही, वर सड्यावर थांबते. तिथवर पाखाडीच्या एकशे ऐंशी पायऱ्या. शेवाळ धरलेल्या चिऱ्यावरून पहिलीतले मूल, एका हातात छत्री, पाठीवर दप्तर, सकाळी नऊला निघाले तर संध्याकाळी साडेसहाला घरी. भाड्याच्या गाडीचे बिल तीन महिने थकले की काय होते, ते गावोगावच्या टँकरवाल्यांना विचारा. मुलगा जाईल कसाबसा. मुलीची आजी म्हणते, ‘गुरुजी, एवढ्या लांब कशी धाडू? मोठी झाली की बघू.’ मोठी झाली की घरात धाकटे भावंड असते. अशा मुलीला आमच्या यादीत शालाबाह्य म्हणत नाहीत, कारण नाव पटावर असते.

आणि ती आजीही शाळेचा भाग आहे, हे समूहशाळेच्या आराखड्यात कुठे बसते? शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदा सांगतो. आमच्या समितीच्या सभेला बाया भाताच्या लावणीतून चिखलाच्या पायांनी येत, पायरीवरच बसत, तांदळात किडे निघाले तर गोण दाखवून भांडत. साडेसहा किलोमीटरवरच्या शाळेत तांदूळ कसला येतो हे बघायला कोणती बाई अर्ध्या दिवसाची मजुरी मोडून जाईल? तिथे सहीचे रजिस्टर घरी येईल, मागच्या तारखेचा.

‘पालकच मुले काढून इंग्रजी शाळेत घालतात, मग सरकारने काय करावे?’ हा शेवटचा हुकमी पत्ता. काढतात, खरे आहे. सकाळी सड्यावर पिवळी व्हॅन येई, तिच्यात आमच्याच वाडीची चार मुले चढत. पण सगळा पट व्हॅनने नेला असे नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायची ती घटली. माणसे मुंबईला गेली, उरलेल्यांना मुले कमी झाली. त्यात शाळेचा गुन्हा काय? आणि व्हॅन गेल्यावर जी उरतात ती कोण, ते पाहा. आईबाप मुंबईत आणि मूल आजीकडे, असे. कातकऱ्याचे. तिसरी मुलगी. ज्यांना दुसरी शाळा नाही त्यांचीच ही शाळा असते, आणि त्यांचा आकडा लहान असणारच.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली की प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो, हा त्यांचा हिशेब होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपयापर्यंत दंड ठेवला. शंभर वर्षांत पालक सुधारले. आता ती आजी मूल शाळेत धाडते. शाळा हलवणाऱ्याकडून रुपया कोणी वसूल करायचा ते मात्र कायद्यात राहून गेले.

शेजारच्या वाडीतली शाळा काही वर्षांपूर्वी पट शून्य दाखवून बंद झाली. शेवटची मुले कुठे गेली हे कागदावर नीट आहे, वाटेवर तसे नाही. कुलूप लागले, कौले उतरली, व्हरांड्यात गुरे बसू लागली. ती खोली निवडणुकीला मात्र उघडते. मतदाराला मतदान केंद्रासाठी दोन किलोमीटरहून जास्त चालावे लागू नये असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे, आणि तो चांगला आहे. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी केंद्र उभारले गेले आहे, तेव्हा माणशी खर्च कोणी विचारला नाही.

मागच्या मतदानाला मी त्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या स्नेह्याला घेऊन गेलो होतो. आत तोच काळा फळा होता. कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेले ‘पट’ आणि ‘हजर’ हे दोन शब्द शाबूत होते. मतदान अधिकाऱ्याने ‘पट’च्या पुढे खडूने मतदारसंख्या लिहून ठेवली होती, १४३. ‘हजर’च्या पुढचा आकडा तो दर दोन तासांनी पुसून नवा लिहीत होता.